पट्टी आमची, नाव मास्तरांचं

गुढीपाडव्याला, म्हणजे ३० मार्च २०२५ ला, आम्ही बेळगावात शहापुरातल्या भाड्याच्या दोन खोल्या सोडून वडगावच्या पुढच्या एका लेआऊटमध्ये स्वतःच्या घरात आलो. घर जुनंच, तीस बाय चाळीसच्या प्लॉटवरचं, एका निवृत्त मास्तरांचं. ते मुलाकडे पुण्याला राहायला गेले आणि आम्ही घेतलं. खरेदी जानेवारीतच रजिस्टर झाली होती. सब-रजिस्ट्रारपुढे फोटो, अंगठे, सह्या झाल्या तेव्हा वाटलं, झालं एकदाचं घर आपलं. ते खरंही होतं. पण पालिकेच्या दप्तरात नाव आपोआप बदलेल असं मी जे धरून चालले होते, ते तसं नव्हतं.

३ एप्रिलला सकाळी कुकरच्या शिट्ट्या चालू असताना फाटक वाजलं. "मास्तर हायत काय?" बिल कलेक्टर होता. मी आतूनच म्हटलं, "मास्तर गेले." बाहेर एकदम शांतता. डोकावून बघते तर त्याने डोक्यावरचं हेल्मेट काढून हातात धरलेलं. "अहो, पुण्याला गेले, मुलाकडं!" मग दोघंही हसलो. जाताना म्हणाला, "मग नाव लावून घ्या की अक्का. आणि घरपट्टी एप्रिलात भरा, पाच टक्के सुटतात."

आमचे हे गोव्यात नोकरीला, शनिवारी रात्री येतात आणि रविवारी संध्याकाळी परत. कचेऱ्या नेमक्या त्याच वेळेला बंद. तेव्हा हे काम माझ्याकडे आलं. मी घरी शिवणकाम करते. कन्नड बोलायला येतं, बाजारात कधी अडत नाही. वाचायचं म्हटलं की मात्र एकेक अक्षर लावत बसते, कारण शाळा मराठी. ही गोष्ट पुढे उपयोगाला आली, म्हणजे उलट्या बाजूने.

४ तारखेला शुक्रवारी आमच्या भागाच्या कार्यालयात गेले. आत पाय ठेवायला जागा नव्हती. फेब्रुवारीपासून सरकारने बी-खात्याची मोहीम काढली होती. खाता म्हणजे पालिकेच्या पट्टीच्या दप्तरातली जागेची नोंद, मंजूर जागेला ए आणि बाकीच्यांना बी. परवानगी नसलेल्या लेआऊटमधली घरं, ज्यांची खरेदी १० सप्टेंबर २०२४ पर्यंत रजिस्टर झालेली आहे, त्यांना एकदा दुप्पट कर भरून बी-खाता मिळणार होता. त्यामुळे अर्धं बेळगाव प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन रांगेत. आमचा लेआऊट बुडाने, म्हणजे बेळगावच्या नगरविकास प्राधिकरणाने, मंजूर केलेला, बिनशेतीचा आदेश झालेला, म्हणून आमचं काम ए-खात्याचं, पण रांग तीच.

दीड तासाने खिडकी आली. मी म्हटलं, नाव बदलायचंय, म्हणजे पट्टी भरता येईल. खिडकीतला म्हणाला, चालू सालची पट्टी भरलेली पावती आणा, म्हणजे नावाचा अर्ज घेतो. मी बाहेर पायरीवर येऊन बसले. नावाशिवाय पट्टी नाही आणि पट्टीशिवाय नाव नाही, आता काय करायचं? शेजारी एक बाई पदराने वारा घेत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "पट्टी माणसाची नसते ओ, जागेची असते. पी.आय.डी. नंबर हाय न्हवं तुमच्याकडं? मग भरून टाका मास्तरांच्याच नावानं."

हे वाक्य मला रजिस्ट्रीच्या दिवशी कोणी सांगितलं असतं तर माझे दहा दिवस वाचले असते. म्हणून इथे आधीच लिहिते. कर मालमत्तेच्या नंबरावर, म्हणजे त्या पी.आय.डी.वर, चालतो. पावतीवर जुन्या मालकाचं नाव आलं तरी बिघडत नाही, भरणारा कोणीही असो. आधी पट्टी भरायची, मग नावाच्या मागे लागायचं.

एप्रिलचं गणित असं की ३० तारखेपर्यंत भरलं तर मूळ करावर पाच टक्के सूट, मे-जूनमध्ये जेवढं आहे तेवढं, आणि जुलैपासून थकबाकीवर महिन्याला दोन टक्के दंड. घाई कशाला, म्हणून मी आठवडाभर पडदे शिवत बसले. ११ तारखेला गेले तर, "सर्वर डाऊन ऐतरी, अक्कार. नाळे बर्री." उद्या या! उद्या होता दुसरा शनिवार, परवा रविवार, सोमवारी आंबेडकर जयंती. आदल्या दिवशी महावीर जयंती होऊन गेलेली. तो शुक्रवार म्हणजे सुट्ट्यांच्या मधलं बेट होतं, आणि मी रिक्षाचे ऐंशी रुपये घालून नेमकी त्या बेटावर उतरले होते. एप्रिलमध्ये जायचं असेल तर आधी कॅलेंडर बघा. कर्नाटकात सरकारी कचेऱ्यांना दुसरा आणि चौथा असे दोन शनिवार सुट्टी असते. त्यात त्या वर्षी सवलतीचा शेवटचा दिवसच बसव जयंतीचा निघाला, म्हणजे खिडकी २९ लाच मिटली म्हणायची.

१६ एप्रिलला बेळगाव वन या सरकारी सेवा केंद्रात गेले. मास्तरांची जुनी पावती दाखवली, पी.आय.डी. घातला, चलन निघालं. पंधरा मिनिटांत पैसे भरून बाहेर. ऑनलाइनही भरता येतं, पण पहिल्यांदा मला छापील कागद हातात हवा होता.

पावती घरी येऊन नीट बघितली. मूळ कर ३,२४०. त्यावर आरोग्य उपकर १५ टक्के, म्हणजे ४८६. ग्रंथालय उपकर ६ टक्के, १९४. भिक्षुक उपकर ३ टक्के, ९७. मुलाने विचारलं, "आई, भिकाऱ्यांना पण आपणच पैसे देतो?" तर होय, निराश्रितांच्या पुनर्वसन केंद्रांसाठी तो घेतात. मग आणखी एक बारीक रक्कम आणि घनकचऱ्याचे पैसे. यातून सूट वजा झाली ती १६२ रुपये, कारण पाच टक्के फक्त मूळ करावर, उपकरांवर नाहीत. सगळं मिळून ४,४००. मूळ कराचा हिशेब रजिस्टर ऑफिसच्या सरकारी दरावर, बांधकाम किती फूट, कसलं आणि किती जुनं यावर होतो, आणि दर वर्षी तीन ते पाच टक्क्यांनी वाढतो. हा कर स्वयंघोषित आहे, म्हणजे घर किती आहे हे आपण लिहून द्यायचं. या वाक्यात काय दडलंय ते मला मे महिन्यात कळलं.

मग नावाचं काम. आता सगळं ई-आस्थी या मालमत्तांच्या ऑनलाइन दप्तरावर असतं, आणि शेवटी जो नमुना ३ चा कागद मिळतो त्याला आपल्याकडे कोणी ई-खाता म्हणतं, कोणी कॉम्प्युटर उतारा. तो नसेल तर पुढे घर विकता येत नाही, कर्जालाही बँक तोच मागते. एक मात्र लक्षात ठेवा, खाता म्हणजे मालकी नव्हे. मालकी दस्ताने ठरते, खाता हा पट्टी कोणाकडून घ्यायची याचा कागद. माझी नणंद पंचायतीच्या हद्दीत राहते, तिचा कागद वेगळा. तिथे ई-स्वत्तू असतं आणि नऊ-अकराचा उतारा मिळतो. आणि जुन्या गल्लीतलं घर असेल तर सिटी सर्व्हेचा उतारा आणखी वेगळा, तिथे नाव लावणं हे वेगळ्या कचेरीतलं वेगळं काम. एका ठिकाणी नाव लागलं म्हणजे सगळीकडे लागलं असं धरू नका.

कागद मागितले ते असे: खरेदी दस्ताची प्रत, खरेदीनंतरची ईसी, म्हणजे जागेवरच्या व्यवहारांचा आणि बोज्यांचा दाखला (ही रजिस्ट्रेशन खात्याच्या कावेरी पोर्टलवरून काढली, त्यात आमचं नाव आलेलं असायला हवं), चालू सालची पट्टीची पावती, दोघांची आधार कार्डं, लेआऊटची मंजुरी, बिनशेती आदेश, बांधकाम परवाना, हेस्कॉमच्या वीजबिलावरचा आर.आर. नंबर, म्हणजे जोडणीचा नंबर, आमचे फोटो आणि घराचा समोरून फोटो. ऐकताना धडकी भरली होती. पण मास्तर ते मास्तरच. घराच्या चाव्या देताना त्यांनी एक निळी फाईल दिली होती, १९९८ पासूनच्या सगळ्या पावत्या वर्षवार टाचून, प्रत्येकीच्या कोपऱ्यावर तांबड्या शाईने आकडा. बिनशेतीचा आदेशही त्यातच. जुनं घर घेताना सौद्याच्या वेळीच मालकाकडून अशी सगळी फाईल मागून घ्या. नंतर माणूस पुण्याला जातो आणि फाईल माळ्यावर.

कार्यालयाबाहेर एक एजंट भेटला. सहा हजार म्हणाला, महिन्यात हातात देतो. खोटं कशाला बोलू, मी तयार झाले होते. पण त्याला मूळ दस्त ठेवून घ्यायचा होता. "दोन दिवसांनी देतो की अक्का." बावीस वर्षं भाडं भरून मिळालेला कागद मी दोन दिवस कोणाच्या डिकीत ठेवणार नव्हते, म्हणून नाही म्हटलं.

२२ एप्रिलला अर्ज घातला. आधारचा ओटीपी दोघांचाही लागतो. ह्यांचा ओटीपी गोव्यात, ह्यांच्या फोनवर, आणि हे मशीनवर. तीनदा वेळ संपला. चौथ्यांदा त्यांनी सुपरवायझरला सांगून फोन हातात धरून ठेवला तेव्हा जमलं. मागे रांगेतला एकजण म्हणाला, "वहिनी, नवऱ्याला एक दिवस सुट्टी घ्यायला लावायची." बरोबर होतं त्याचं. जोडनावावर घर असेल तर त्या दिवशी दुसऱ्याला फोन घेऊन मोकळं राहायला सांगा, आणि मोबाईल आधारला जोडलेला आहे ना हे आदल्या दिवशी बघा.

अर्ज दिल्यावर सकालची पोच मागून घेतली. हे आपलं सकाळ नव्हे. स-काल, म्हणजे वेळेत. काम किती दिवसांत व्हायला पाहिजे हे ठरवणारी ती कर्नाटकची योजना, २०१२ पासून चालू आहे. पोचीवर नंबर आणि मुदतीची तारीख छापलेली असते. पुढे प्रत्येक वेळी "अर्ज कुठं हाय बघू" म्हटलं की मी तो नंबर पुढे करायचे, आणि शोधाशोध वाचायची.

९ मे ला तपासणीला इन्स्पेक्टर आले, बरोबर तोच हेल्मेटवाला बिल कलेक्टर. खालचं घर टेपने मोजलं, कागदाशी जुळलं. मग इन्स्पेक्टरनी वर बघितलं. "आणि ते?"

वर गच्चीवर एक खोली आहे. भिंती विटांच्या, वर पत्रा. मी त्यात माझं शिलाई मशीन मांडलं होतं. जिना चढून दोघं आले, टेपचं एक टोक मलाच धरायला दिलं. अकरा बाय चौदा. बिल कलेक्टरने वहीत लिहिलं, एकशे चोपन्न. कागदावर ही खोली नव्हतीच. माझ्या हातातलं टेपचं टोक सुटून सर्रकन परत गेलं, तो आवाज मला अजून ऐकू येतो. वाटलं, आता हे घरच अडकवणार.

रात्री मास्तरांना फोन लावला. "काका, वरची खोली पट्टीत लावली नव्हती काय?" पलीकडे थोडा वेळ काहीच नाही. मग म्हणाले, "ती खोली कुठली, अडगळ ती." मी म्हटलं, अडगळीला खिडक्या तीन आणि पंखा एक हाय. तेव्हा हसले. "२०१७ ला बांधली. लावायची राहून गेली, बाई."

२३ मे ला फरकाचं चलन निघालं. चालू सालचा आणि मागचा मिळून २,३१०. इन्स्पेक्टरनी छपराच्या रकान्यात पत्रा लिहिलं होतं, त्यामुळे स्लॅबच्या दरापेक्षा कमी आलं. फरकावर एप्रिलची सूट अर्थातच नाही. मी वाद घातला नाही, भरून टाकले. मास्तरांनी दुसऱ्या दिवशी न मागता दीड हजार पाठवले. घर घेताना जुन्या पावतीवरचे चौरस फूट आणि डोळ्यांना दिसणारं घर एकदा ताडून बघा, आणि फरक असेल तर दस्ताच्या आधी बोला. सगळे मास्तर असतात असं नाही.

त्यानंतर दोन आठवडे काहीच नाही. दोनदा गेले. एकदा सही करणारे मीटिंगला, एकदा परत सर्वर.

९ जूनला करडु मिळाला, म्हणजे कच्चा मसुदा. "बघून सांगा, नंतर बदलत नाही." सगळा कन्नडमध्ये. खिडकीशी उभं राहून एकेक अक्षर लावायला लागले तर मागची रांग कुरकुरायला लागली. मी म्हटलं, उद्या सांगते, आणि प्रत घेऊन घरी आले. तेवढं एक शहाणपण केलं. मराठीतून हा कागद का मिळत नाही, यावर आपल्याकडे किती वर्षं बोलणं चाललंय ते मी वेगळं सांगायला नको. त्या दुपारी मला भांडण नको होतं, वाचणारं माणूस हवं होतं.

शेजारची मुलगी नववीत आहे, शाळेत कन्नड शिकते. तिला कट्ट्यावर बसवलं. ती बोट ठेवून मोठ्याने वाचत गेली. चेक्कुबंदी, म्हणजे चतुःसीमा, तिथे आली. "दक्षिणक्के रस्ते." थांबली. मान वळवून फाटकाकडे बघितलं, मग गल्लीच्या टोकाला, मग परत कागदाकडे. "काकू, रस्ता तर उत्तरेला हाय की." दक्षिण-उत्तर उलटी पडली होती. दस्तात बरोबर, टाईप करताना घोळ. हे तसंच गेलं असतं तर पुढे विकताना कागदावर आमचं घर मागच्या गल्लीत उघडलं असतं.

दुसरी चूक नावात. आमच्या आडनावात एक जोडाक्षर आहे. दस्ताच्या कन्नडमध्ये ते आहे, ह्यांच्या आधारवर आहे, माझ्या आधारवर नुसता 'वा'. आपली नावं कन्नडमध्ये लिहिणारा जसं ऐकतो तसं लिहितो, आणि आपण वाचत नाही म्हणून वर्षानुवर्षं चालतं. मग दोन्ही नावं एकाच बाईची असं प्रतिज्ञापत्र केलं. शंभराचा ई-स्टॅम्प, टायपिंग ऐंशी, नोटरी दोनशे. अर्ज करायच्या आधीच आधार, दस्त आणि वीजबिल शेजारी ठेवून कन्नड नावं एखाद्या मुलाकडून वाचून घेतली असती तर हे तीनशे ऐंशी आणि तीन आठवडे वाचले असते.

४ जुलैला गेले तेव्हा पाऊस असा की छत्री धरली काय आणि न धरली काय. खिडकीतला आता ओळखीचा झालेला. मला बघून संगणकाकडे वळला, म्हणाला, "आगैतरी, अक्कार." झालंय! डिजिटल सही पडली होती. सायबरमध्ये रंगीत प्रिंट काढली, दोन प्रती, आणि ब्लाउजच्या कापडांबरोबर पिशवीत घालून प्लास्टिक गुंडाळून आणली. कर सोडून सगळा खर्च, झेरॉक्स, ईसी, रिक्षा, प्रतिज्ञापत्र धरून, १,९४० झाला. खेपा नऊ. सूट मिळाली १६२, हे मी ह्यांना सांगितलं तेव्हा त्यांना ठसका लागला.

शनिवारी रात्री हे आले. कागद उन्हात धरावा तसा ट्यूबलाईटखाली धरून वाचला. दोघांची नावं, जोडाक्षरासकट. उत्तरेला रस्ता. वरची खोली, पत्रा. मग घराच्या फोटोवर बोट ठेवून म्हणाले, "हे काय?"

फोटो मी एप्रिलमध्येच घाईघाईत काढला होता. फाटक, गेटावरचा मोगरा, आणि मोगऱ्याच्या बाजूला पितळी पाटीवर स्वच्छ वाचता येईल असं मास्तरांचं नाव. तेव्हा फोटो काढायच्या आधी पाटी उतरवा. आमच्यानं ती अजून काढवलेली नाही.